बारावी कुंडी

जहाज आलं तेव्हा मी धक्क्यावर नव्हते.
धक्क्यावर सगळं बेट असतं त्या दिवशी,
सिमेंटच्या गोण्या, कांदे, कुणाची तरी आत्या.
मी वर, स्कॉटलंडात.
हसू नका, आमच्या शेतकी कचेरीचं नावच तसं आहे.
सेंट हेलेना एवढंसं, नावं मात्र सगळी लांबून आणलेली.

दिवे लागता लागता बेन्सनने डबा आणला,
मांडीवर धरून, वळणं घेत, पहिल्या गिअरमध्ये.
नैरोबीहून साठ निघाले होते.
झाकण काढलं. मोजले.
पुन्हा मोजले.
सात हलत होते.

मोहरीएवढा जीव. काळा, पाठीवर नारिंगी थेंब.
कागदावर नाव हायपरॅस्पिस.
साहेब म्हणाले, ग्रीक आहे, त्यात ढाल आहे कुठेतरी.
म्हणजे आपला ढालकिडाच.
तलवार मला दिसली नाही.

पीक डेलच्या उतारावर तेव्हा गमवूड काळे पडले होते,
जगात दुसरीकडे कुठेच न उगवणारी ती झाडं.
पानापानाला पांढरा ढेकूण,
त्याच्या चिकट मधावर धरलेली काजळी,
जणू प्रत्येक फांदीखाली कुणी रात्रभर
वात मोठी करून कंदील टांगला होता.
पाहुणे येत, बादशहाची कबर बघून जात.
ती रिकामी आहे.
झाडांपर्यंत कुणी चढत नसे.

आता खरी गंमत.
ढालकिडा जगवायचा तर आधी ढेकूण जगवायला हवा.
बारा कुंड्यांत मी घाणेरी लावली
आणि तिच्यावर शत्रू सोडला.
वेळेवर पाणी, सकाळचं ऊन, वाऱ्याला आडोसा.
शेजारची डोरीन विचारायची,
इल्वा, दिवसभर करतेस तरी काय?
रोग वाढवते, मी म्हणायची.

भिंगातून दिसायचं ते असं:
ढेकणीच्या शेपटाशी मेणाची पांढरी पिशवी,
आत तिची अंडी.
ढालकिड्याची मादी येते, त्या पिशवीवर
आपलं एक अंडं ठेवून जाते.
अळी निघते, आत शिरते, आतलं सगळं संपवते.
आणि आई चालत राहते पानाच्या शिरेवरून,
पिशवी ओढत,
भरलेली समजून.

पहिल्यांदा पाहिलं त्या दुपारी
मी जेवणाचा डबा उघडला नाही.
दुसऱ्या दिवशी उघडला. टूनाचे वडे होते.

सातांचे सत्तर, सत्तरांचे किती ते वहीत आहे.
काचेच्या नळ्या खिशात घालून चढायचे,
फांदीला नळी टेकवायची,
बोटाने हळूच टिचकी. जा बाबांनो.
पहिलं वर्ष काहीच नाही.
दुसऱ्या वर्षी एका फांदीच्या टोकाला
तळहाताएवढा हिरवा.
मी बेन्सनला हाक मारली, तर तो खाली
गाडीत झोपला होता.

मग पत्र आलं. काम झालं, आभार,
पैदास बंद, कुंड्या जाळून टाकाव्यात.

अकरा जाळल्या.
घाणेरी ओली जळते, डोळ्यांत जाते.
बारावी कोटाखाली धरून घरी आणली
आणि धुण्याच्या दगडामागे ठेवली.
डोंगरावर ढेकूण सरला म्हणजे यांचंही ताट उचललं गेलं.
ज्याने घर वाचवलं त्याला घरात दाणा नाही,
हे मला पटेना. साहेबाला पटलं असतं,
पण मी विचारलं नाही.

अजून आहेत. मोजत नाही आता.
कधी चार दिसतात, कधी नुसती घाणेरी.

परवा ऑस्मंड लिंबाचं पान घेऊन आला.
बघ, म्हणाला, कसली काजळी धरलीय.
मी चष्मा काढला, पदराने पुसावा तसा
एप्रनने पुसला, पुन्हा लावला,
पान उलटं केलं.
पांढरा ठिपका चालत होता, पिशवी ओढत.

धूर असेल, म्हणाले.
डोरीनच्या चुलीचा.